राखणीची बंदूक, मिरवणुकीची बंदूक

मागच्या अंकात एका वाचकाला शस्त्र परवान्याच्या नूतनीकरणाबद्दल चार ओळींचं उत्तर दिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की सातबारा, फेरफार, वारसनोंद हे नेहमीचे प्रश्न या खेपेला बाजूला ठेवून सगळं सदर याच विषयाला देते आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली सात वर्षं एका जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत काढली. शस्त्र परवान्याच्या फायली तिथे माझ्याच टेबलावरून जात. आणि माझ्या माहेरी, कुडाळ तालुक्यात, वडिलांच्या खोलीत खुंटीला ठासणीची बंदूक असायची. माझ्या उत्तरांत ते टेबलही येणार आणि ती खुंटीही.

प्रश्न : ताई, माझ्याकडे आजोबांपासून चालत आलेली ठासणीची एकनळी बंदूक आहे. परवाना शेतीसंरक्षणाचा, दर वेळी मुदतीत नूतनीकरण केलेला. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि मार्चमध्ये ती ठाण्यात जमा करायला लावली, परत मिळाली जूनमध्ये. ऑक्टोबरमध्ये विधानसभेसाठी पुन्हा जमा. पहिल्या वेळी काजू गेला, दुसऱ्या वेळी तयार भात. माझ्यावर आयुष्यात एक अदखलपात्र गुन्हासुद्धा नाही. आणि ज्यांच्या कमरेला पिस्तूल दिसतं ते मात्र नेत्यांच्या गाड्यांत बसून प्रचारात फिरतात. आम्हांलाच का? (एक शेतकरी, सावंतवाडी तालुका)

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचताना वडील आठवले. माडाच्या बागेत वानरांची टोळी उतरली की ते नळीत दारू आणि चिंधी ठासायचे, छर्रे घालायचेच नाहीत. नुसता बार काढायचा. टोळी दोन दिवस त्या बाजूला फिरकत नसे. आम्हां मुलांना बंदुकीला हात लावू देत नसत, पण शिकवण एकच : "हातात इली काय नळी पयली जमिनीक दाखय." त्या बंदुकीने आमच्या घरात कुणाला भीती घातली नाही आणि कुणाचा रुबाबही वाढवला नाही. कोयत्याशेजारी टांगलेली ती एक वस्तू होती.

कायद्यालाही हे कळतं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम १३ कुणाकडून तरी वाचून घ्या. त्यात दोन प्रकारच्या बंदुका वेगळ्या काढल्या आहेत. एक, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी लागणारी, किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक. दुसरी, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी लागणारी ठासणीची बंदूक. या दोन्हींसाठी अर्ज आला आणि कलम १४ मधलं नकाराचं कारण लागू होत नसेल, तर अधिकाऱ्याने परवाना द्यायचा आहे. इतर शस्त्रांसाठी मात्र अर्जदाराकडे सबळ कारण असल्याची अधिकाऱ्याची आधी खात्री पटावी लागते. म्हणजे कमरेच्या पिस्तुलाला जास्त प्रश्न आणि तुमच्या ठासणीला कमी, हा क्रम कायद्यानेच लावून दिला आहे. कलम १४ मधलं आणखी एक वाक्य मी सात वर्षं टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलं होतं. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. फाटक्या चपलांनी आलेल्या माणसाशी बोलताना ते वाक्य मला उपयोगी पडायचं.

आता निवडणुकीचं. निवडणुकीच्या दिवसांत गावातली हत्यारं कुणाच्या हातात आहेत याची काळजी सरकारने घ्यायलाच हवी. मी मतदान केंद्रांवर काम केलं आहे. दोन गटांत बाचाबाची सुरू असताना एखाद्याच्या शर्टाखाली काहीतरी असल्याची कुजबुज झाली, तरी रांगेतल्या बायका घरी परततात, हे डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून परवानाधारक हत्यारं जमा करून घेण्याच्या अधिकाराबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती सरसकट वापराबद्दल.

निवडणूक आयोगाच्या सूचना सरसकट नाहीत. मुंबई उच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न गेला होता आणि गोव्यातल्या त्या प्रकरणानंतर छाननी समितीची पद्धत रूढ झाली. समितीत जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक असतात. आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त. त्यांनी एकेक परवाना बघायचा. जो जामिनावर सुटला आहे, ज्याच्यावर गुन्ह्यांची नोंद आहे, जो पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या दंगलीत होता, अशांची नावं आधी काढायची. त्यांना नोटीस द्यायची, हत्यार जमा करून घ्यायचं, पावती द्यायची आणि निकाल लागल्यावर आठवड्याभरात परत करायचं.

मग तुमच्या ठाण्यातून सगळ्यांनाच फोन का जातो? कारण सरसकट आदेश एका दुपारी निघतो. शेकडो परवान्यांची माणसागणिक छाननी करायची तर ठाण्याठाण्यातून अहवाल मागवावे लागतात आणि चुकीच्या माणसाला सूट दिली तर उद्या आपल्याला विचारतील, ही धास्ती प्रत्येक सहीमागे असते. ती धास्ती मीही अनुभवली आहे. पण तिची किंमत तुमच्या भाताने मोजावी, हे मला मान्य नाही.

पुढच्या वेळी असं करा. निवडणुकीच्या तारखांची कुणकुण लागली की आचारसंहितेची वाट न बघता जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नावे, छाननी समितीसाठी म्हणून अर्ज द्या. सोबत परवान्याची प्रत, सातबारा, मागच्या हंगामात वनविभागाने नुकसानीचा पंचनामा केला असेल तर तो आणि पोलीस पाटलांचा दाखला. माझ्यावर गुन्हा नाही, बंदूक पीकसंरक्षणाची आहे, अमुक तारखेपासून कापणी आहे, मला सूट मिळावी, एवढंच लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. नकार मिळाला तर तो लेखी मागा. वाडीतल्या पाच-दहा जणांनी मिळून पण वेगवेगळे अर्ज दिले तर फार बरं, कारण समितीला माणसागणिकच उत्तर द्यायचं असतं.

तरीही जमा करायची वेळ आलीच, तर नळी साफ करून, तेलाचा हात फिरवून द्या आणि घोडा, दस्ता, नळी यांची स्थिती पावतीवर लिहून घ्या. ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत तीन महिने पडलेली बंदूक कोकणच्या हवेत गंजते. परत मिळालेल्या गंजक्या नळीत दारू ठासणं म्हणजे स्वतःच्याच डोळ्यांशी खेळ आहे. आणि हे तुम्हांला ठाऊक असेल, तरी लिहिते : परवाना बंदुकीचा आहे, जनावर मारण्याचा नाही. रानडुकरासाठीसुद्धा वनविभागाची वेगळी परवानगी लागते.

प्रश्न : मी एका राजकीय पक्षाचा तालुका पातळीवरचा पदाधिकारी आहे. विरोधकांपासून जिवाला धोका आहे. पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज करायचा आहे. आमदारसाहेबांचं शिफारसपत्र तयार आहे. ते जोडल्यावर साधारण किती दिवसांत काम होईल? (पुणे जिल्हा)

उत्तर : शिफारसपत्र काढून ठेवा. शस्त्र अधिनियमात किंवा २०१६ च्या शस्त्र नियमांत त्याला कुठेही जागा नाही. अर्जानंतर पोलीस तपासणी होते, तुमचा पूर्वेतिहास आणि धोक्याचं स्वरूप यांवर अहवाल येतो, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. धोका खरा असेल तर त्याचा माग कागदावर असतो : केलेली तक्रार, आलेला फोन, झालेला हल्ला. तसं काही घडलं असेल तर आजच ठाण्यात तक्रार द्या आणि पोलीस संरक्षण मागा. ते मागणं पिस्तूल मागण्याच्या आधी यायला हवं. तुमच्या पत्रात तक्रारीचा उल्लेख नाही, आमदारांचा आहे. म्हणून जरा कडक लिहिते आहे, राग मानू नका.

माझ्या टेबलावर अशी एक फाइल आली होती. अर्जदार एका पक्षाचा कार्यकर्ता. पोलीस अहवाल स्वच्छ प्रतिकूल होता, मारामारीचे दोन गुन्हे होते. मी टिपणी लिहिली : परवाना देऊ नये. चार दिवसांनी फाइल परत आली, वर पेन्सिलीने एवढंच होतं, "फेरविचार व्हावा". खाली सही नव्हती. वरिष्ठांनी बोलावून सांगितलं की वरून फोन आहे, अहवाल पुन्हा मागवा. दुसरा अहवाल आला तो सौम्य भाषेत आणि मी टिपणी बदलली. माझी मुलगी तेव्हा दहावीला होती आणि मला बदली नको होती. पुढे त्या माणसाने त्या पिस्तुलाने कुणाला मारलं नाही, पण एका लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडल्या आणि शेजारच्या गच्चीवर उभ्या असलेल्या एका बाईच्या खांद्यात गोळी शिरली. ती वाचली. टिपणीवरची ती सही माझी आहे, हे मी आजवर फक्त नवऱ्याला सांगितलं होतं.

त्यानंतर कायदा कडक झाला. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने बेफिकिरीने केलेला आनंदोत्सवी गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा झाला, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता येत होती, ती संख्या दोनवर आली. पण फोन करणाऱ्याला शिक्षा देणारं कलम त्यात नाही.

२०२४ चा फेब्रुवारी महिना आठवा. २ तारखेला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, सत्तेतल्या एका पक्षाच्या आमदाराने सत्तेतल्याच दुसऱ्या पक्षाच्या शहरप्रमुखावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा दाखल झाला. कॅमेऱ्यातलं ते चित्रण घराघरांत पाहिलं गेलं. सहा दिवसांनी दहिसरला एका माजी नगरसेवकाला समाजमाध्यमावरच्या थेट प्रक्षेपणात गोळ्या घातल्या गेल्या, आणि झाडणाऱ्याने नंतर स्वतःलाही संपवलं. ते पिस्तूल अंगरक्षकाच्या नावावरचं, परवान्याचं होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि मग तिथल्या शस्त्र परवान्यांची फेरतपासणी होऊन अनेक परवाने रद्द झाले. त्या रद्द झालेल्या प्रत्येक परवान्यावर कधीतरी कुणीतरी सही केली होती. २०२५ मध्ये पुण्यात पोलिसांनी नाकारलेला परवाना मंत्रालयातल्या अपिलात मंजूर झाल्याचा वाद गाजला. अपील हवंच, कारण अधिकाऱ्याचाही निर्णय चुकू शकतो. पण ते ऐकणारी व्यक्ती स्वतः पक्षाची असेल, तर ज्याचा पक्ष सत्तेत नाही त्याने तिथे कोणत्या भरवशावर जायचं? अशी अपिलं न्यायिक अधिकाऱ्याकडे जावीत, असं माझं मत आहे, मग सरकार कुणाचंही असो.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर : दिवस मी सांगू शकत नाही. नकार आला तर कलम १४ प्रमाणे कारणं लेखी मागा आणि कलम १८ खाली अपील करा. तो तुमचा हक्क आहे, आमदारांच्या पत्राशिवायही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा आहे. विषय : "शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क असावा." मला अनुकूल बाजू मिळाली आहे, पण माझं स्वतःचं मत प्रतिकूल आहे. काय बोलू? (एस. वाय. बी. ए., सांगली)

उत्तर : मनाविरुद्धची बाजू मिळाली ते बरं झालं, कारण तुझ्या बाजूने भक्कम माणसं उभी आहेत.

सुरुवात १८७८ पासून कर. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने त्या एकाच वर्षात देशी वृत्तपत्रांचं तोंड बांधणारा कायदा आणला आणि शस्त्रांचाही. शस्त्र कायद्यात युरोपीय माणसाला सूट होती, हिंदी माणसाला परवाना. म्हणून काँग्रेस तो बदलायची मागणी सतत करत राहिली. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या गांधीजींनीही १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात, अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इतिहासात इंग्रजी राज्याच्या काळ्याकुट्ट कृत्यांत गणला जाईल, अशा अर्थाचं लिहिलं होतं. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ मध्ये कराचीला, सरदार पटेल अध्यक्ष असताना, झालेल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे. मात्र नियमांच्या अधीन राहून, हे शब्द गाळू नकोस, नाहीतर प्रतिपक्ष तुला तिथेच धरेल.

मग हा हक्क राज्यघटनेत का नाही? डिसेंबर १९४८ मध्ये, आजच्या अनुच्छेद १९ वर संविधान सभेत चर्चा चालू असताना, मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य हरी विष्णू कामत यांनी नेमकी हीच दुरुस्ती मांडली होती. कराचीचा ठराव त्यांच्या हातात होता. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर दिलं ते दोन भागांत. कुणीही बाजारात जाऊन हवं ते हत्यार राज्याच्या आडकाठीशिवाय विकत घेऊ लागला, तर राज्याने कारभार कसा चालवायचा? आणि दुसरं, आग्रह धरायचाच तर शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नको, देशावर संकट आलं तर शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा धरावा. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेत हत्याराचा उल्लेख आला तो उलट बाजूने : शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क, अनुच्छेद १९(१)(ख).

इथे तुझ्या बाजूने विचारण्यासारखा प्रश्न आहे. परक्या राज्यात जो हक्क मागितला, तो स्वतःच्या हाती सत्ता आल्यावर का सोडला? मला स्वतःला हे पक्षाचं घूमजाव वाटत नाही. फाळणी होऊन दीड वर्षही झालं नव्हतं, त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्या सभागृहात बसलेल्यांनी हत्यार कुणाच्या हाती जाऊ शकतं, ते बघितलं होतं. पण तू हे बोलू नकोस, हे तुझ्या विरोधकाला बोलू दे.

न्यायालयांतही तुला एक आधार आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयात १९८५ मध्ये पूर्ण पीठाने परवाना ही केवळ सवलत आहे, असं म्हटलं. १९९३ मध्ये त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती मार्कंडेय काट्जू यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जीविताच्या हक्कात, अनुस्यूत असल्याचा निकाल दिला. पुढे मोठ्या पीठाने तो रद्द केला, हेही प्रामाणिकपणे सांग. आणि शेजारच्या कर्नाटकातलं कोडगू विसरू नकोस. तिथल्या कोडव समाजाला इंग्रज काळापासून परवान्यातून सूट आहे आणि ती आजही चालू आहे. कैलपोढ सणाला बंदुकीची पूजा होते. परवाना नाही म्हणजे अनागोंदी, हे गृहीतक तिथे तपासून बघता येतं.

तुला स्पर्धेत यश मिळो. मत मात्र तुझं तेच ठेव, माझंही तेच आहे.

प्रश्न : माझा मुलगा टेक्ससमध्ये डॅलसजवळ नोकरी करतो, एच-वन-बी व्हिसावर. त्याच्या सोसायटीत बहुतेकांकडे बंदुका आहेत म्हणे. आता तोही म्हणतो की मी एक घेतो, इथे पोलीस येईपर्यंत काही खरं नाही. मला रात्र रात्र झोप लागत नाही. तिथलं सरकार लोकांना आवरत का नाही? (एक आई, नागपूर)

उत्तर : ताई, आधी कामाचं. एच-वन-बी हा तात्पुरत्या वास्तव्याचा व्हिसा आहे. अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे गुन्हा आहे. वैध शिकारी परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. मित्रांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन हातात घेणंसुद्धा त्यात येऊ शकतं. यात सापडलं तर तुरुंग आणि देशाबाहेर पाठवणी, दोन्हींची भीती आहे. त्याने दुकानात पाऊल टाकण्याआधी तिथल्या इमिग्रेशन वकिलाला विचारावं. हे आजच फोनवर सांगा, आईच्या काळजीच्या भाषेत नको, कायद्याच्या भाषेत सांगा. तरुण मुलं ते ऐकतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तिथलं सरकार आवरत नाही, कारण आपल्याकडे १९४८ मध्ये जी दुरुस्ती नाकारली गेली, तशी तरतूद तिथे १७९१ पासून घटनेत आहे. तिच्या एका वाक्यात सुव्यवस्थित नागरी सेनेचाही उल्लेख आहे आणि लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही. दोनशेहून अधिक वर्षं भांडण याच वाक्यावर आहे. २००८ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की हा हक्क एकेका व्यक्तीचा आहे, घरात स्वसंरक्षणासाठी. २०२२ मध्ये तो घराबाहेर बंदूक नेण्यापर्यंत वाढवला. टेक्ससमध्ये तर १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला छोटी बंदूक जवळ बाळगायला परवानाच लागत नाही.

आणि पक्ष. आज तिथे बंदूक म्हणजे रिपब्लिकन आणि नियंत्रण म्हणजे डेमोक्रॅट, अशी सरळ वाटणी दिसते. पूर्वी तशी नव्हती. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात भरलेल्या बंदुका उघड्यावर बाळगण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली ती राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी, रिपब्लिकन. कारण तेव्हा ऑकलंडच्या रस्त्यांवर बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवत होते ते ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण. हत्यार कुणाच्या हातात आहे हे बघून तत्त्व बदललं. सावंतवाडीच्या शेतकऱ्याचं पत्र मला इथे पुन्हा आठवलं.

तुमच्या मुलाचं म्हणणं, की पोलीस येईपर्यंत काही खरं नाही, मी उडवून लावणार नाही. त्याच्याच टेक्ससमध्ये, युवाल्डी गावात, २४ मे २०२२ रोजी १९ मुलं आणि २ शिक्षिका शाळेत मारल्या गेल्या. पोलीस शाळेत लवकर पोहोचले, पण हल्लेखोराच्या वर्गात शिरायला त्यांना ७७ मिनिटं लागली. आतून मुलं फोन करत होती. त्या दिवसानंतर कुणी म्हणालं की मला माझी बंदूक हवी, तर त्याची भीती मला कळते. पण त्या ७७ मिनिटांत बाहेर बंदुकांची कमतरता नव्हती, शेकडो सशस्त्र पोलीस तिथे जमले होते. त्यानंतर महिन्याभरात दोन्ही पक्षांच्या काही खासदारांनी एकत्र येऊन २१ वर्षांखालच्या ग्राहकांची जादा तपासणी करणारा कायदा केला. जवळजवळ तीस वर्षांत त्यांच्या संसदेने केलेलं हे पहिलं मोठं पाऊल. ते पुरेसं आहे असं मला वाटत नाही, पण झालं.

मुलाला एक व्यवहाराची गोष्ट सांगा. मध्यरात्री चुकून दुसऱ्याच्या दाराची घंटा वाजवायची नाही, अनोळखी अंगणातून जवळची वाट काढायची नाही. आपल्याकडे शेजारच्या खळ्यातून चालत जाण्याची सवय असते, ती तिथे सोडावी लागते.

प्रश्न : माझे यजमान दोन महिन्यांपूर्वी वारले. त्यांच्या नावावरची बारा बोअरची बंदूक कपाटात आहे. मुलगा म्हणतो राहू दे, बाबांची आठवण आहे. मला भीती वाटते. काय करू? (चिपळूण)

उत्तर : वहिनी, तुमची भीती योग्य आहे. परवाना माणसाच्या नावाचा असतो, तो गेला की परवानाही संपतो. त्यानंतर ती बंदूक घरात ठेवणं म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणं, मग ती कितीही आठवणीची असो. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि बंदूक घेऊन मुलाबरोबर जवळच्या पोलीस ठाण्यात जा. अधिनियमाच्या कलम २१ खाली तिथे किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ती जमा करता येते. दोन महिने गेले म्हणून घाबरू नका, स्वतःहून जाणाऱ्याकडे ठाणेदार माणसासारखंच बघतात. मुलाला खरोखर हवी असेल तर जमा केल्यानंतर त्याने वारस म्हणून स्वतःच्या नावे अर्ज करावा, इतर वारसांचं संमतिपत्र जोडावं. नको असेल तर विक्रेत्यामार्फत विल्हेवाट लावता येते.

माझे वडील गेले तेव्हा भाऊ मुंबईला, मी नोकरीत, बाग राखणीला कुणी नाही. बाराव्यानंतर दोन दिवसांनी आम्ही दोघं ती ठासणीची बंदूक चादरीत गुंडाळून ठाण्यात घेऊन गेलो. नेण्याआधी भावाने ओसरीवर बसून नळी पुसली, तेल दिलं. ठाणे अंमलदाराने क्रमांक लिहिला, घोडा ठीक, दस्त्याला जुनी चीर, असं पावतीवर टाकलं. तुम्हीही तसं लिहून घ्या, आणि पावती मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्सला टाचून ठेवा.